दुकान वाढवताना मेन स्विच बंद होतो, मग रात्री दोनचा बॅकअप घ्यायचा कोणी?

कळमना_नाका · रात्री ११:१२

मंडळी, जरा लांबलचक लिहितो आहे, पण प्रश्न मनापासूनचा आहे.

माझ्याकडे सध्या तीन लिनक्स मशीन आहेत. पहिलं कळमन्याच्या एका अडत दुकानात. साधाच जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि मारियाडीबी हा डेटाबेस, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या त्यावर निघतात. दुसरं भाड्याचं क्लाउड मशीन, उबुंटूवालं. तिसरं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा फाइल सर्व्हर, रॉकी लिनक्सवर. तिन्हींवर मी वर्षभरापूर्वी एकाच पद्धतीनं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारा प्रोग्राम) लावला होता. रात्री दोनला बॅकअप, पहाटे जुन्या फाइली साफ.

गेल्या महिन्यात अडत दुकानात एका शेतकऱ्याचं खातं चुकून खोडलं गेलं. मी म्हटलं, कालचा बॅकअप उघडू. फोल्डरमध्ये फाइली होत्या, पण रोजची एक नव्हती. कुठे तीन दिवसांचं भगदाड, कुठे पाचाचं. आणि शेवटच्या एक्केचाळीस फाइली पाहिल्या तर प्रत्येक फाइल बरोब्बर २० बाइटची. आत काहीच नाही. पुढचे नऊ दिवस दुकानातला दिवाणजी आणि मी कागदी पावत्यांवरून आकडे भरत बसलो. त्या शेतकऱ्याचा पैसा बुडाला नाही, पण तो बिचारा दोनदा गावाहून हेलपाटा घालून गेला, ते मला अजून लागून राहिलं आहे.

भगदाडाचं कारण सापडलं. शेठजी दुकान वाढवताना शटरच्या आत हात घालून मेन स्विच पाडतात. वडिलांच्या काळापासूनची सवय, उन्हाळ्यात तर हमखास, कारण जुन्या वायरिंगची त्यांना धास्ती आहे आणि ती रास्तच आहे. म्हणजे रात्री दोनला मशीन चालू असेल तर तो योगायोग. २० बाइटांचं कारण मात्र अजून नीट कळलेलं नाही.

आता सगळं नव्यानं लावायचं आहे. क्रॉनच ठेवू, अ‍ॅनाक्रॉन घालू, की सिस्टीमडीचे (मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे) टाइमर शिकू? कुणी म्हणतं क्रॉन जुना झाला, कुणी म्हणतं टाइमर म्हणजे नसता पसारा. मला यातलं खरं काय ते समजून घ्यायचं आहे.

(कमांडी देवनागरीत लिहितो आहे, मशीनवर अर्थात रोमन अक्षरं आणि रोमन आकडेच टाकायचे.)

---

जुना_सुभेदार · रात्री ११:५०

आधी २० बाइटांचं सांगतो, ते सोपं आहे. तुमची ओळ अशी असणार: मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारा), मग पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारा), मग जीझिप (ते दाबून लहान करणारा), मग फाइल. डंप पासवर्डवर किंवा आणखी कशावर अडला की त्यातून एक अक्षर बाहेर येत नाही. जीझिपला रिकामं काही दिलं तरी तो इमानानं ते गुंडाळतो, आणि रिकाम्याचं गाठोडं २० बाइटचंच होतं. वर पाइपलाइनचा निकाल म्हणून शेल (कमांडी चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा निकाल सांगतो. जीझिप पास, म्हणून सगळं पास. त्या सुमारास डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता का ते आठवून पाहा.

उपाय: स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश हा शेल मागा आणि लगेच खाली ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. मग पाइपमधला कोणताही टप्पा पडला की स्क्रिप्टला कळतं. फाइलही थेट अंतिम नावानं लिहू नका. आधी तात्पुरत्या नावानं लिहा, डंप नीट संपला, आकार पटला, मगच नाव बदला. म्हणजे फोल्डरमध्ये पूर्ण नावाची फाइल दिसली की ती खरी असते.

आता क्रॉनबद्दल. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७९ पासून, क्रॉन आहे. आज आपण डेबियनवर वापरतो तो पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचा वारस, आणि रॉकीवरचा क्रॉनी हाही त्याच घराण्यातला. त्याचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर तो दर मिनिटाला जागा होतो, यादी पाहतो, या मिनिटाचं काम असेल तर सुरू करून देतो. गेलेल्या मिनिटाचा हिशोब तो ठेवत नाही. दोन वाजता मशीन बंद होतं तर ते काम त्याच्या लेखी कधी नव्हतंच. हा त्याचा दोष नाही, तो चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठीच घडलेला आहे.

अ‍ॅनाक्रॉन याच भगदाडासाठी आहे. तो घड्याळाची वेळ पाहत नाही, शेवटचं काम होऊन किती दिवस झाले ते पाहतो. त्याच्या तक्त्यात चार रकाने: किती दिवसांनी, मशीन उठल्यावर किती मिनिटं थांबून, कामाचं नाव, आणि कमांड. दिवस उलटला असेल तर मशीन चालू झाल्यावर काम करून टाकतो. मात्र त्याचं सगळ्यात लहान माप एक दिवसाचं. दर तासाचं काम त्याच्याकडे देता येत नाही.

पण भाऊ, मला एक सांगा. दुकान रात्री बंद असतं, मग बॅकअप रात्री दोनलाच काऊन घेऊन राहिले?

---

कळमना_नाका · रात्री १२:०४

पासवर्ड बदलला होता, काका. तारीख तपासली, पहिली २० बाइटची फाइल त्याच रात्रीची आहे.

दोनचं उत्तर माझ्याकडे नाही. सगळे दोनलाच लावतात म्हणून मीही लावला.

---

अंबाझरी_काठ · सकाळी ८:२०

मी नवीन आहे, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. माझी एक पायथन स्क्रिप्ट हातानं चालवली की व्यवस्थित चालते, क्रॉनमध्ये घातली की काहीच होत नाही. एरर पण कुठे दिसत नाही. हे सगळ्यांनाच होतं का? की माझ्याच मशीनमध्ये काही गडबड आहे?

---

रात्रपाळी · सकाळी ९:०५

@अंबाझरी_काठ, सगळ्यांना होतं. मी डेटाबेस सांभाळते, आणि नवीन माणसाचा पहिला फोन याचसाठी येतो.

तू टर्मिनल उघडतोस तेव्हा तुझ्या बॅशआरसीनं (बॅशच्या सेटिंगच्या फाइलीनं) कितीतरी गोष्टी आधीच मांडून ठेवलेल्या असतात. क्रॉनकडे त्यातलं काही नसतं. डेबियनवर त्याचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) फक्त यूएसआर-बिन आणि बिन एवढाच. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, यूएसआर-लोकलमधली साधनं, काही सापडत नाही. शेलसुद्धा बॅश नसून एसएच असतो, आणि डेबियन-उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश. दुहेरी चौकटी कंसाची अट किंवा ‘सोर्स’ त्याला कळत नाही. तेव्हा प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिही, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सीडी’ करून आपल्या फोल्डरमध्ये जा.

खात्री करायची असेल तर ‘एन्व्ह -आय’ वापरून रिकाम्या वातावरणात, पाथ तेवढाच देऊन, एसएचमधून स्क्रिप्ट चालव. क्रॉनमध्ये जे फुटणार ते तिथेच डोळ्यांसमोर फुटेल.

एरर दिसत नाही याचं कारण वेगळं. क्रॉन कामाचं आउटपुट त्या वापरकर्त्याला लोकल मेलनं पाठवतो. मशीनवर मेलची व्यवस्थाच नसेल तर तो लॉगमध्ये एक ओळ टाकतो की एमटीए (मेल पाठवणारा प्रोग्राम) नाही म्हणून आउटपुट फेकून दिलं, आणि खरंच फेकून देतो. म्हणून ओळीच्या शेवटी आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलला जोडत जा.

आणखी एक, कारण तुझ्या फाइलीच्या नावात तारीख असेलच. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. ‘डेट +%एफ’ लिहिलंस की कमांड तिथेच तुटते. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. त्यापेक्षा तारीख स्क्रिप्टच्या आत काढावी, हे बरं.

---

अंबाझरी_काठ · सकाळी ९:४८

ताई, पाथच होता! पायथन यूएसआर-लोकलमध्ये होतं. दोन आठवडे पाहून राहिलो होतो. खूप आभार.

---

रात्रपाळी · सकाळी १०:३०

आता मूळ प्रश्न. @कळमना_नाका, तुमच्या दुकानाच्या मशीनला मी सिस्टीमडी टाइमर लावीन. का ते सांगते.

टाइमरच्या दोन फाइली असतात, दोन्ही ईटीसी-सिस्टीमडी-सिस्टीम या फोल्डरात. एक सर्व्हिसची, ‘काय करायचं’ सांगणारी. दुसरी टाइमरची, ‘कधी करायचं’ सांगणारी. नाव एकच, शेपूट वेगळं: हिशोब-बॅकअप डॉट सर्व्हिस आणि हिशोब-बॅकअप डॉट टाइमर. सर्व्हिसमध्ये ‘टाइप=वनशॉट’ आणि ‘एक्झेकस्टार्ट=’ पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. टाइमरमध्ये ‘ऑनकॅलेंडर=’ पुढे वेळ आणि ‘पर्सिस्टंट=ट्रू’. तुमच्या कामाची ओळ ही शेवटचीच. शेवटी काम कधी झालं याचा शिक्का सिस्टीमडी डिस्कवर ठेवतो. मशीन बंद असताना वेळ टळून गेली असेल तर उठल्यावर काम सुरू करतो. पर्सिस्टंट फक्त ऑनकॅलेंडरबरोबर चालतं, ‘बूटनंतर इतक्या मिनिटांनी’ या प्रकाराबरोबर नाही. तीन दिवस चुकले तरी उठल्यावर काम एकदाच होतं, तीनदा नाही. बॅकअपला ते चालतं. रोजचा अहवाल काढायचा असेल तर कोणत्या तारखा राहिल्या ते स्क्रिप्टनंच शोधलं पाहिजे.

मशीन उठल्या उठल्या काम सुरू होणार, तेव्हा मारियाडीबी उठलेली असेल याची हमी हवी. सर्व्हिसच्या युनिट भागात ‘आफ्टर=’ पुढे मारियाडीबीची सर्व्हिस लिहा.

मग डीमन-रीलोड करा (म्हणजे सिस्टीमडी नव्या फाइली वाचतो) आणि ‘सिस्टीमसीटीएल एनेबल --नाउ’ टाइमरला द्या. टाइमरलाच, सर्व्हिसला नाही. ही चूक फार होते. लोक सर्व्हिस एनेबल करून मोकळे होतात आणि टाइमर झोपलेला राहतो. ‘सिस्टीमसीटीएल लिस्ट-टाइमर्स’ मारलं की पुढची वेळ कोणती, मागची कोणती, सगळं एका तक्त्यात दिसतं. क्रॉनमध्ये मला हे कधीच मिळालं नाही. क्रॉनचा लॉग कमांड सुरू केल्याचं सांगतो, ती पडली की तरली हे सांगत नाही. इथे ‘जर्नलसीटीएल -यू’ पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की आउटपुट, एरर आणि निकाल तिन्ही हाताशी.

वेळ बरोबर लिहिली का याची शंका असेल तर ‘सिस्टीमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर’ला ती वेळ द्या, ‘--इटरेशन्स=५’ जोडा. पुढच्या पाच तारखा छापून देतो. लावायच्या आधीच चूक पकडता येते.

एक्झेकस्टार्टमध्ये शेल नसतो, त्यामुळे पाइप किंवा फाइलकडे वळवणं तिथे लिहून चालत नाही, ते स्क्रिप्टमध्येच. आणि टक्क्याचं चिन्ह इथे दोनदा लिहावं लागतं. क्रॉनमध्ये उलटी रेघ, इथे दोन टक्के. दोन्हीकडे काम करणाऱ्यानं हे लक्षात ठेवायलाच हवं.

---

जुना_सुभेदार · दुपारी १:१५

ताईंचं म्हणणं रास्त आहे, दुकानाच्या मशीनला टाइमर शोभतो. पण सगळीकडे तोच लावा असं मी म्हणणार नाही.

क्रॉनची एक ओळ दुसऱ्या माणसाला फोनवर सांगता येते. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. नवा माणूस आला तर ‘क्रॉनटॅब -एल’ मारून त्याला सगळं एका पानावर दिसतं. टाइमरच्या वीस कामांच्या चाळीस फाइली होतात, आणि त्यातल्या कोणत्या आपल्या नि कोणत्या पॅकेजनं आणलेल्या ते वेगळं काढावं लागतं. चोवीस तास चालणारा सर्व्हर असेल, काम दर पंधरा मिनिटांनी होणारं असेल, एखादी फेरी चुकली तरी पुढची ती भरून काढत असेल, तर क्रॉन पुरेसा आहे. आणि बीएसडीवर किंवा सिस्टीमडी नसलेल्या डिस्ट्रोवर तुम्हाला क्रॉनकडेच यायचं आहे.

फक्त क्रॉनच्या तीन जागा जपा. ‘क्रॉनटॅब -आर’ न विचारता सगळी यादी पुसतो, आणि कळफलकावर आर हा ई च्या शेजारीच आहे. म्हणून मी थेट ‘-ई’नं (यादी संपादनासाठी उघडून) बदल करत नाही. यादी एका फाइलीत ठेवतो, ती गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात), आणि ‘क्रॉनटॅब’ पुढे त्या फाइलीचं नाव देऊन चढवतो.

दुसरी जागा क्रॉन-डेलीसारख्या फोल्डरांची. डेबियनवर तिथे बॅकअप डॉट एसएच अशा नावाची फाइल ठेवली तर ती चालतच नाही, कारण त्या फोल्डरातल्या फाइली चालवणारा रन-पार्ट्स नावात टिंब असलेल्या फाइली सोडून देतो. कुठे एररही येत नाही. नावात टिंब नको, एवढंच. ‘रन-पार्ट्स --टेस्ट’ दिलं की कोणत्या फाइली चालतील ते आधीच छापून मिळतं.

तिसरी जागा तारीख आणि वार एकत्र लिहिण्याची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी काम हवं म्हणून लोक तारखेत १-७ आणि वारात १ लिहितात. क्रॉन हे ‘किंवा’ म्हणून वाचतो. एक ते सात तारखेला रोज, आणि शिवाय प्रत्येक सोमवारी. टाइमरच्या ऑनकॅलेंडरमध्ये तेच ‘आणि’ म्हणून वाचलं जातं, हे मात्र टाइमरच्या बाजूनं कबूल करतो.

---

हिंगणा_टी_पॉइंट · दुपारी ३:४०

फाइल सर्व्हरचा अनुभव सांगतो, कारण मीही एमआयडीसीतच आहे.

आमच्याकडे दर दहा मिनिटांनी ड्रॉइंगच्या फाइली पुण्याच्या ऑफिसला आरसिंकनं (फाइली दुसऱ्या मशीनवर जुळवून ठेवणाऱ्या साधनानं) जात. एका पावसाळी रात्री लाइन मंदावली. एक फेरी दहा मिनिटांत संपेना. क्रॉनला त्याचं काही नाही, त्यानं दहा मिनिटांनी दुसरी सुरू केली, मग तिसरी. सकाळी मी आलो तेव्हा साठावर आरसिंक एकाच फोल्डरवर झोंबत होते, आणि डिझाइनवाल्यांना साधी फाइल उघडेना.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक क्रॉन ओळीच्या आधी ‘फ्लॉक -एन’ आणि एका कुलूप फाइलीचा पत्ता असतो. आधीची फेरी चालू असेल तर नवी मुकाट्यानं परत जाते. कुलूप कर्नलच्या हातात असतं, प्रोसेस मेली की आपोआप सुटतं. पूर्वी मी पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली) ठेवून हेच करत असे, पण वीज गेल्यावर ती फाइल मागे राहून पुढचं सगळंच अडायचं. फ्लॉकमध्ये तो त्रास नाही.

सिस्टीमडीत हे आपसूकच होतं. सर्व्हिस चालू असताना टाइमर वाजला तर तो दुसरी प्रत काढत नाही. पण वनशॉट सर्व्हिसला सुरू होण्याची वेळमर्यादा मुळात नसते. लटकलेलं काम तसंच लटकून राहतं आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या अडतात. म्हणून ‘टाइमआउटस्टार्टसेक=’ स्वतः लिहा. क्रॉनवाल्यांनी ‘टाइमआउट’ ही कमांड आधी जोडावी.

---

कळमना_नाका · सायंकाळी ७:२५

दुकानाचं आता बरंच स्पष्ट झालं. क्लाउड मशीनचा मात्र नवाच घोळ निघाला.

तिथे महिन्याच्या १ तारखेला पहाटे दोनला मागच्या महिन्याचा गोषवारा निघायला हवा. मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले पहाटेचे दोन म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्री साडेआठ. मी ३० २० (मिनिट, तास) लिहिलं आणि तारखेत १ ठेवली. म्हणजे गोषवारा आपल्या २ तारखेला निघायचा, आणि त्यात एक तारखेचे व्यवहार मिसळायचे. ग्राहकानं दोनदा विचारलं, मी दोन्हीदा म्हटलं की तुमच्याकडची नोंद चुकली असेल. त्यांची माफी मागितली आज.

आता तारखेत काय लिहू? तिकडचा शेवटचा दिवस कधी २८, कधी ३०, कधी ३१.

---

रात्रपाळी · सायंकाळी ८:१०

बरं झालं विचारलंत. आपल्याकडे घड्याळ मागंपुढं करण्याची भानगड नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण साडेपाच तासांनी तारीखच बदलते हे लक्षात येत नाही.

तीन वाटा आहेत. मशीनवर फक्त आपलंच काम असेल तर ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ करा आणि क्रॉनची सर्व्हिस पुन्हा सुरू करा, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो. मशीन दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेलं असेल तर यूटीसीला हात लावू नका. टाइमर वापरा आणि ऑनकॅलेंडरच्या शेवटी एशिया/कोलकाता लिहा. *-*-०१ ०२:००:०० आणि पुढे टाइमझोन, बस. मला हीच वाट सगळ्यात स्वच्छ वाटते.

क्रॉनच ठेवायचा असेल तर डिस्ट्रो पाहा. रॉकीवरचा क्रॉनी ‘क्रॉन_टीझेड’ मानतो, डेबियनच्या क्रॉनवर त्या भरवशावर राहू नका. तिथे तारीख २८-३१ ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ देऊन आजची तारीख पाहा. ०१ नसेल तर तिथूनच परत फिरा.

आणि गोषवारा कोणत्या महिन्याचा, हे स्क्रिप्टनं ‘आत्ता’वरून ठरवू नये. महिना बाहेरून द्या. म्हणजे चुकला तर पुन्हा हातानं काढता येतो, आणि दोनदा चालला तरी तोच कागद निघतो.

---

अंबाझरी_काठ · रात्री ९:००

एक छोटा प्रश्न. मला उद्या पहाटे चारला फक्त एकदाच एक स्क्रिप्ट चालवायची आहे. त्यासाठी पण टाइमर करू?

---

जुना_सुभेदार · रात्री ९:१२

नाही. ‘अ‍ॅट’ ही कमांड त्यासाठीच आहे, ‘अ‍ॅट ०४:००’ देऊन काम सांगायचं. पॅकेज नसेल तर टाकून घे, एटीडी (ती कामं चालवणारी सेवा) चालू आहे का पाहा. नाहीतर ‘सिस्टीमडी-रन --ऑन-कॅलेंडर’. क्रॉनमध्ये एकदाच म्हणून घातलेली ओळ काढायची राहून जाते आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा चालते. हे मी पाह्यलं आहे.

---

रात्रपाळी · रात्री १०:४०

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट राहिलीशी वाटते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्रॉन की टाइमर यावर आपण दिवसभर बोललो. पण कळमन्याच्या दुकानात एक्केचाळीस दिवस रिकाम्या फाइली बनल्या, त्या टाइमरनंही तशाच बनल्या असत्या. काम झालं नाही हे माणसाला कळणार कसं, हे आधी ठरवा. अवजार नंतर.

सिस्टीमडीत ‘ऑनफेल्युअर=’ आहे. सर्व्हिस पडली की दुसरी सर्व्हिस चालते, ती तुम्हाला मेल किंवा मेसेज धाडू शकते. ते लावाच. पण मशीनच बंद असेल, नेट तुटलं असेल, टाइमर एनेबल करायचाच राहिला असेल, तर निरोप धाडायला कोणी नसतं. आणि निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक, अशी आपली समजूत होते.

म्हणून उलटं करायचं. काम यशस्वी झालं की त्यानं दुसऱ्या मशीनवर हजेरी लावायची, आणि ठरल्या वेळेत हजेरी आली नाही की त्या दुसऱ्या मशीननं बोंब मारायची. याच्या तयार सेवा मिळतात, हेल्थचेक्स ही त्यातली एक आणि ती स्वतःच्या सर्व्हरवरही उभी करता येते. ते नको असेल तर तुमच्या क्लाउड मशीनवर प्रत्येक जागेची एक फाइल ठेवा, बॅकअप झाला की तिची वेळ ताजी करा. छत्तीस तासांहून जुनी फाइल दिसली की मेसेज. पंधरा ओळींचं काम आहे.

हजेरी मात्र स्क्रिप्टच्या अगदी शेवटी. आकार तपासून, गाठोडं ‘जीझिप -टी’नं पडताळून, मग. आणि आठवड्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उघडून पाहायचा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी माझ्या ग्राहकाला शब्द देत नाही.

---

कळमना_नाका · तीन आठवड्यांनी, रात्री १०:०५

मंडळी, काय काय केलं ते सांगायला आलो आहे.

दुकानाचं मशीन: टाइमर लावला, पर्सिस्टंटसह. पहिल्याच आठवड्यात नवी अडचण आली. नोकर सकाळी साडेसहाला शटर उघडतो, मेन चालू करतो, की राहिलेला बॅकअप सुरू. त्याच वेळी गाड्या लागलेल्या, लिलावाची घाई, आणि मशीन जड. दिवाणजींनी लगेच फोन केला. सर्व्हिसमध्ये ‘नाइस=१९’ आणि ‘आयओशेड्युलिंगक्लास=आयडल’ लिहिलं, म्हणजे बॅकअपनं बाकीच्या कामांना आधी वाट द्यावी, थोडा फरक पडला. पण मग सुभेदार काकांचा प्रश्न आठवला, दोनलाच का? दुकानात जाऊन दोन दिवस बसलो. दुपारी तीन ते चार कोणी नसतं, सगळे जेवून सावलीला, पण मशीन चालूच असतं. वेळ दुपारी सव्वातीनची केली. सगळी टेबलं इनोडीबी (डेटाबेसमधला साठवणीचा प्रकार) आहेत, त्यामुळे ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ देऊन डंप घेतला की मधेच कोणी पट्टी काढली तरी अडत नाही. पर्सिस्टंट तसंच ठेवलं आहे, दुपारी लाइट गेली तर उपयोगी पडेल म्हणून. तीन आठवड्यांत दोनदा पडलं.

क्लाउड: ऑनकॅलेंडरमध्ये एशिया/कोलकाता. ‘अ‍ॅनलाइझ कॅलेंडर’नं पुढच्या पाच तारखा छापून ग्राहकाला दाखवल्या. महिना बाहेरून देतो, मागचे चुकलेले गोषवारेही त्याच स्क्रिप्टनं पुन्हा काढून दिले.

हिंगण्याला क्रॉनच ठेवला. तिथे यूपीएस आहे, जनरेटर आहे, मशीन कधी बंद होत नाही, आणि कारखान्यातला एक मुलगा क्रॉनटॅब वाचू शकतो. टाइमर त्याला शिकवावा लागला असता. प्रत्येक ओळीला फ्लॉक आणि टाइमआउट. यादी गिटमध्ये.

तिन्हींची हजेरी आता दुसऱ्या एका लहानशा मशीनवर जाते. मुद्दाम एक दिवस दुकानाचा टाइमर बंद ठेवून पाहिला, छत्तीसाव्या तासानंतर मेसेज आला.

दर रविवारी सकाळी घरी बॅकअप उघडतो. काल शेवटच्या हिशोबपट्टीचा क्रमांक दिवाणजींना फोनवर विचारला. त्यांनी वहीतून वाचला, माझ्या पडद्यावर तोच होता. मग ज्या शेतकऱ्याचं खातं खोडलं गेलं होतं, त्याच्या पट्ट्याही एकेक करून त्यांच्याकडून वाचून घेतल्या. सगळ्या आहेत.